शिक्षणाचा नकार की शिक्षणाची मागणी? : 'अनदर ब्रिक इन द वॉल' (भाग २) हे गीत, त्याची दृश्यरूपे आणि अर्थविषयक वाद

गोषवारा

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे 'अनदर ब्रिक इन द वॉल' (भाग २) हे गीत नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षण आणि शिक्षक यांच्यावर उघड हल्ला करणारे गीत अशी त्याची ख्याती झाली. प्रस्तुत लेखात या गीताची निर्मिती, त्यातील भाषा, लंडनमधील शालेय मुलांचा सहभाग, चित्रफीत व चित्रपटातील दृश्ये आणि १९८० मधील दक्षिण आफ्रिकेतील शालेय बहिष्कार यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे. शिक्षणाला विरोध करणारे म्हणून ओळखले गेलेले हे गीत जेथे सर्वाधिक गांभीर्याने गायले गेले, तेथे ते समान शिक्षणाच्या मागणीचे गीत ठरले, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : रॉक संगीत, शालेय शिस्त, शारीरिक शिक्षा, चित्रफीत, वर्णभेद, शालेय बहिष्कार.

१. प्रस्तावना

लोकप्रिय संगीत हे इतिहासाचे साधन म्हणून स्वीकारण्यास आपल्याकडील अभ्यासक पुष्कळ काळ कचरत आले. राजपत्रे, अहवाल, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे यांना जे प्रामाण्य मिळते ते गीताला मिळत नाही. गीताचा अर्थ निश्चित नसतो, ते ऐकणाऱ्यागणिक बदलते, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप खरा आहे. परंतु गीताचा अर्थ का बदलला, कोणी बदलला आणि कोणत्या परिस्थितीत बदलला हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

या दृष्टीने 'अनदर ब्रिक इन द वॉल' (भाग २) या गीताचे उदाहरण विशेष बोलके आहे. हे गीत ब्रिटनमध्ये पाच आठवडे आणि १९८० च्या वसंत ऋतूत अमेरिकेत चार आठवडे विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर होते. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यावर बंदी घातली. शाळा नको म्हणणाऱ्या मुलांचे उडाणटप्पू गाणे, असे काहींनी त्याला संबोधले. विचारस्वातंत्र्याची घोषणा म्हणून इतरांनी त्याचे स्वागत केले. शिक्षकी पेशातील व्यक्तीला या वादाकडे तटस्थपणे पाहणे सोपे नाही, कारण गीतातील आरोपीच्या पिंजऱ्यात शिक्षकच उभा आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, आरोप नेमका काय आहे हे नीट वाचणे आवश्यक ठरते.

२. गीताची जडणघडण

पिंक फ्लॉइड हा वाद्यवृंद १९६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे त्याचे आरंभीचे सदस्य होत. पुढे डेव्हिड गिल्मर त्यात सामील झाले आणि १९६८ मध्ये बॅरेट बाहेर पडले. सत्तरच्या दशकात या वाद्यवृंदाने जागतिक कीर्ती मिळविली. मात्र प्रचंड क्रीडागारांतून होणाऱ्या कार्यक्रमांमुळे श्रोता आणि कलावंत यांच्यात दुरावा निर्माण होत असल्याची भावना वॉटर्स यांच्या मनात बळावत गेली. ६ जुलै १९७७ रोजी मॉन्ट्रियल येथील कार्यक्रमात संतापाच्या भरात ते एका श्रोत्यावर थुंकले. स्वतःच्या या कृतीचा त्यांना धक्का बसला आणि आपण व श्रोते यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे, या कल्पनेतून 'द वॉल' ही दोन तबकड्यांची संगीतकृती आकाराला आली. ती ३० नोव्हेंबर १९७९ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाली.

या कृतीचा नायक 'पिंक' हा रॉक गायक आहे. आयुष्यातील प्रत्येक आघात त्याच्याभोवतीच्या भिंतीतील एक वीट होतो. युद्धात मारला गेलेला पिता, शाळेतील अपमान, आईचे गुदमरविणारे प्रेम, दुभंगलेला विवाह अशा विटा एकावर एक रचल्या जातात. 'अनदर ब्रिक इन द वॉल' या शीर्षकाची तीन गीते या कृतीत आहेत. पहिल्या भागाचा विषय पित्याचा अभाव हा आहे, दुसऱ्याचा शाळा आणि तिसऱ्यात नायक सर्वांनाच नाकारतो. शेवटी त्याच्या मनात एक खटला चालतो, शिक्षक तेथे साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि भिंत पाडून टाकण्याचा निर्णय होतो.

हा क्रम लक्षात घेतला तर गीताच्या अर्थासंबंधी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. 'भिंत' ही या कृतीत नायकाची मुक्ती नसून त्याचा तुरुंग आहे. दुसऱ्या भागात मुले ज्या आवेशाने नकार उच्चारतात, त्या नकाराचीही पुढे वीटच होते. स्वतंत्रपणे विकल्या गेलेल्या तबकडीवर हे गीत ऐकणाऱ्याला ही चौकट उपलब्ध नव्हती. त्यामुळे संपूर्ण कृतीचा श्रोता आणि सुट्या गीताचा श्रोता यांच्या आकलनात सुरुवातीपासूनच अंतर पडले.

वॉटर्स यांच्या चरित्राचाही येथे संबंध आहे. त्यांचा जन्म १९४३ चा. वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे शिक्षक होते; फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या लढाईत ते मारले गेले. आईही शिक्षिका होती. म्हणजे शिक्षकावर आसूड ओढणारा हा गीतकार शिक्षक दांपत्याचा मुलगा होता. त्यांचे शिक्षण केंब्रिज येथील मुलांच्या ग्रामर स्कूलमध्ये झाले. गीत प्रसिद्ध झाले त्याच सुमारास बीबीसीवरील मुलाखतीत त्यांनी स्पष्ट केले की, आपल्या शाळेत काही चांगले शिक्षकही होते आणि हा सरसकट सर्व शिक्षकांचा धिक्कार नाही. परंतु वाईट शिक्षक मुलाचे फार मोठे नुकसान करू शकतो. हा खुलासा गीताच्या तुलनेत अगदीच थोड्यांपर्यंत पोहोचला.

३. दुहेरी नकाराचा वाद

गीताच्या शब्दांविषयीचा सर्वांत जुना वाद व्याकरणाचा आहे. आरंभीच्या ओळींत शिक्षणाची गरज नाकारताना इंग्रजीतील दुहेरी नकार वापरला आहे. प्रमाण इंग्रजीच्या नियमानुसार दोन नकार परस्परांना छेदतात व अर्थ होकारात्मक होतो. यावरून दोन प्रकारचे युक्तिवाद केले गेले. शिक्षण नको म्हणणाऱ्या या मुलांना शिक्षणाची किती गरज आहे हे त्यांचे वाक्यच सिद्ध करते, असे एक पक्ष उपहासाने म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते हा नकार मुद्दाम योजलेला असून त्याचा शब्दशः अर्थ 'आम्हाला शिक्षण हवेच आहे' असा होतो.

भाषेच्या इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही युक्तिवाद अपुरे ठरतात. इंग्रजीत दुहेरी नकार हा नकाराला जोर देण्यासाठी चॉसरच्या काळापासून वापरात होता व शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आढळतो. तो अशुद्ध मानला जाऊ लागला तो मुख्यतः अठराव्या शतकात, रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या व्याकरणकारांच्या प्रभावामुळे. तरीही बोलीभाषांतून, विशेषतः लंडनच्या श्रमिक वर्गाच्या बोलीतून, तो टिकून राहिला. म्हणजे गीतातील दुहेरी नकार हा वर्गाचा निदर्शक आहे. ज्या बोलीला शाळा अशुद्ध ठरविते त्याच बोलीत मुले शाळेला उत्तर देतात. मराठी अध्यापकांना हा अनुभव परका नाही. प्रमाणभाषा आणि घरची बोली यांच्यातील ताण आपल्याही वर्गांतून रोज प्रकट होत असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या ओळीच्या लगत येणारा दुसरा नकार. तो विचारांवरील नियंत्रणाचा आहे. त्यानंतर वर्गातील बोचऱ्या उपहासाला नकार दिला जातो आणि अखेर शिक्षकाला मुलांच्या वाटेस न जाण्यास सांगितले जाते. म्हणजे 'शिक्षण' हा शब्द येथे एकटा येत नाही. नियंत्रण आणि अपमान या दोन शब्दांच्या सोबतीने तो येतो आणि त्या सोबतीनेच त्याचा अर्थ सीमित होतो. गीताचा रोख ज्ञानावर नसून ज्ञानदानाच्या नावाखाली चालणाऱ्या व्यवहारावर आहे, असे म्हणण्यास शब्दांतच आधार आहे.

४. इस्लिंग्टनचा संगीतवर्ग

गीताचे पहिले स्वरूप अगदी लहान होते. एक कडवे आणि एक ध्रुवपद एवढेच. निर्माते बॉब एझरिन यांनी त्याला डिस्को पद्धतीचा ठेका सुचविला आणि तेच कडवे पुन्हा वापरून गीत लांबविले. दुसऱ्या वेळी हे कडवे मुलांनी गावे ही कल्पना पुढे आली. यापूर्वी १९७२ मध्ये ॲलिस कूपर यांच्या शाळेवरील गीतात एझरिन यांनी मुलांचे आवाज वापरले होते. पिंक फ्लॉइडचा लंडनमधील ध्वनिमुद्रण कक्ष इस्लिंग्टन भागात होता. जवळच 'इस्लिंग्टन ग्रीन' ही सर्वसमावेशक पद्धतीची सार्वजनिक शाळा होती. तेथील संगीत विभागप्रमुख ॲलन रेनशॉ यांनी हा प्रस्ताव आनंदाने स्वीकारला, मुलांकडून आठवडाभर सराव करून घेतला आणि २३ विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रणासाठी नेले. मोठ्या समूहाचा आभास निर्माण व्हावा म्हणून त्यांचे आवाज बारा वेळा एकमेकांवर चढविण्यात आले.

या घटनेला त्या परिसराचा इतिहास होता. १९६५ पासून ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांची विभागणी करणाऱ्या ग्रामर स्कूल पद्धतीऐवजी सर्वसमावेशक शाळांचे धोरण राबविले जाऊ लागले. सत्तरच्या दशकात त्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. इस्लिंग्टनमधीलच विल्यम टिंडेल या प्राथमिक शाळेत मुलांना अतिरेकी मोकळीक दिली जात असल्याच्या तक्रारींवरून मोठा वाद झाला आणि १९७६ मध्ये त्याचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी रस्किन महाविद्यालयातील भाषणात शिक्षणाचा दर्जा आणि उद्योगधंद्यांच्या गरजा हा विषय राष्ट्रीय चर्चेला आणला. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. मुलांना शिस्त हवी की मोकळीक, या प्रश्नावर समाज दुभंगलेला असताना हे गीत आले. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने त्याच्या शब्दांवर कडक टीका केली, यात नवल नव्हते.

येथे काळाचा एक विसंवादही ध्यानात घ्यावा लागतो. गीतातील शाळा ही वॉटर्स यांच्या बालपणीची, म्हणजे पन्नाशीच्या दशकातील आहे. तर ते गाणारी मुले १९७९ च्या सर्वसमावेशक शाळेतील आहेत. कठोर शिस्तीच्या जुन्या शाळेवरचा राग मोकळ्या वातावरणातील नव्या शाळेच्या मुखातून व्यक्त झाला. रेनशॉ यांची भूमिका अशी होती की, संगीताचे शिक्षण मुलांच्या जगण्याशी जोडलेले असावे. मुख्याध्यापिकांना गीताचे शब्द आगाऊ दाखविले गेले नव्हते व त्याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली; तरीही एकंदरीत तो समृद्ध संगीतशिक्षणाचाच एक भाग होता, असेही त्यांनी पुढे म्हटले. शिक्षकाला नाकारणारे जगातील सर्वाधिक प्रसिद्ध गीत एका शिक्षकाच्या पुढाकाराने, वर्गातील सरावातून आणि विद्यार्थ्यांच्या उत्साहातून सिद्ध झाले. ज्या प्रकारचे शिक्षण गीताला अमान्य आहे त्याच्या नेमके उलट असे शिक्षण त्याच्या निर्मितीत घडत होते. गीताच्या अर्थाची चर्चा करताना हा पुरावा डावलून चालणार नाही.

या प्रसंगाची दुसरी बाजू मात्र तितकीशी सुखद नाही. शाळेला एक हजार पौंड मिळाले. मुलांना कार्यक्रमाची तिकिटे व तबकड्या मिळाल्या. स्वामित्वधनाचा कोणताही करार त्यांच्याशी झाला नव्हता. १९९६ च्या स्वामित्वविषयक नव्या नियमांमुळे ध्वनिमुद्रणात भाग घेणाऱ्या कलावंतांना प्रसारणाच्या मोबदल्यात वाटा मागण्याचा अधिकार मिळाला. त्या आधारे २००४ मध्ये, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी, या माजी विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. माणसाची वीट करणाऱ्या व्यवस्थेचा निषेध ज्यांच्या कंठातून झाला त्यांची नावे तबकडीवर नव्हती, ही गोष्ट संगीत उद्योगाविषयी पुरेसे सांगून जाते.

५. दृश्यरूपे : बाहुले, खिमायंत्र आणि स्वप्न

या गीताच्या अर्थावर त्याच्या दृश्यरूपांचा प्रभाव फार मोठा आहे. अशी तीन दृश्यरूपे वेगळी काढता येतात.

पहिले रूप रंगमंचीय आहे. १९८० व १९८१ मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळील युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड येथे 'द वॉल'चे मोजके प्रयोग झाले. प्रयोगाच्या पूर्वार्धात पुठ्ठ्याच्या विटांची भिंत प्रत्यक्ष रचली जाई आणि शेवटी ती कोसळे. राजकीय व्यंगचित्रकार जेरल्ड स्कार्फ यांच्या आरेखनावरून तयार केलेले शिक्षकाचे अवाढव्य बाहुले या गीताच्या वेळी प्रेक्षकांसमोर येई.

दुसरे रूप म्हणजे स्कार्फ यांनी दिग्दर्शित केलेली मूळ चित्रफीत. मैदानात धावणारी मुले, शिक्षकाचे ते बाहुले आणि स्कार्फ यांच्या सचेतपटातील दृश्ये यांची सरमिसळ तीत आहे. इस्लिंग्टन ग्रीनच्या मुलांना पडद्यावर येण्यास शाळेने अनुमती दिली नाही; त्यामुळे आवाज एका मुलांचा आणि चेहरे दुसऱ्या मुलांचे, अशी स्थिती निर्माण झाली.

तिसरे आणि सर्वाधिक परिचित रूप म्हणजे ॲलन पार्कर दिग्दर्शित 'पिंक फ्लॉइड – द वॉल' (१९८२) या चित्रपटातील प्रसंग. पुढील काळात दूरचित्रवाणीवर हाच प्रसंग गीताची चित्रफीत म्हणून वारंवार दाखविला गेला. त्याची रचना चार टप्प्यांत सांगता येते. प्रथम, वर्गात छोटा पिंक कविता लिहिताना पकडला जातो. शिक्षक ती मोठ्याने वाचून त्याची टर उडवितो आणि पट्टीने त्याच्या हातावर मारतो. नंतर हाच शिक्षक घरी पत्नीसमोर निमूटपणे जेवताना दिसतो व त्या अपमानाचा वचपा विद्यार्थ्यांवर काढतो. तिसऱ्या टप्प्यात गणवेशातील मुले ठेक्यावर पावले टाकीत चालतात, त्यांच्या चेहऱ्यांवर एकसारखे विद्रूप मुखवटे चढतात आणि सरकत्या पट्ट्यावरून ती खिमा करण्याच्या यंत्रात पडतात. शेवटी मुले मुखवटे फाडतात, बाके मोडतात, शाळेला आग लावतात आणि शिक्षकाला ओढीत नेतात.

चित्रपटावर हिंसेचे उदात्तीकरण केल्याचा आक्षेप बहुधा या चौथ्या टप्प्यावरून घेतला जातो. परंतु प्रसंग तेथे संपत नाही. आग आणि कल्लोळ यांच्यानंतर कॅमेरा पुन्हा वर्गात येतो. छोटा पिंक आपला दुखावलेला हात चोळीत बाकावर बसलेला आहे आणि तास पूर्ववत चालू आहे. बंड घडलेलेच नाही; ती मार खाल्लेल्या मुलाची कल्पना होती. या एका दृश्याने संपूर्ण प्रसंगाचा अर्थ पालटतो. जो प्रसंग विद्रोहाचे आवाहन वाटतो तो प्रत्यक्षात असहायतेचे चित्र ठरतो. गीताच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही या दृश्याकडे सारखेच दुर्लक्ष केल्याचे दिसते.

चित्रपटाने अर्थात आणखी एक भर घातली. शिक्षक हा दुष्टतेचा उगम नसून साखळीतील एक कडी आहे, असे तो सांगतो. खटल्याच्या प्रसंगातही तो कळसूत्री बाहुल्याच्या रूपातच अवतरतो. ज्याच्या हातात छडी आहे त्याच्याही दोऱ्या दुसऱ्याच्या हाती आहेत, हे सूचन महत्त्वाचे आहे. परंतु येथेच या कृतीची मर्यादाही उघड होते. ती दोरी शिक्षकाच्या पत्नीच्या हाती देऊन चित्रपट शिक्षणव्यवस्थेचा प्रश्न एका कजाग स्त्रीच्या ठोकळेबाज प्रतिमेवर ढकलतो. युद्धोत्तर शाळांतील गर्दी, परीक्षापद्धती, वर्गभेद आणि शारीरिक शिक्षेला असलेली कायद्याची मान्यता यांचा निर्देश त्यात येत नाही.

शारीरिक शिक्षेची ही मान्यता वस्तुस्थिती होती. गीत प्रसिद्ध झाले तेव्हा ब्रिटनमधील सार्वजनिक शाळांत छडी किंवा चामडी पट्टा वापरणे कायदेशीर होते. या प्रथेविरुद्ध खुद्द शिक्षकांचीच एक संघटना १९६८ पासून कार्य करीत होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्कॉटलंडमधील दोन मातांच्या अर्जांवर ब्रिटिश सरकारविरुद्ध निर्णय दिला. १९८६ च्या कायद्याने सार्वजनिक शाळांतील शारीरिक शिक्षा रद्द केली आणि हा बदल १९८७ मध्ये अमलात आला. इंग्लंडमधील खासगी शाळांत तो १९९९ मध्ये लागू झाला. गीतामुळे कायदा बदलला असा दावा करता येणार नाही. मात्र ज्या प्रश्नावर न्यायालय आणि संसद विचार करीत होती त्या प्रश्नाचे सर्वांत ठळक चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर या गीताने आणि चित्रपटाने ठेवले, असे निश्चित म्हणता येते.

६. दक्षिण आफ्रिका, १९८० : गीताची परीक्षा

गीताच्या अर्थाचा खरा निवाडा त्याच्या मायभूमीपासून फार दूर झाला. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र आणि हेतुतः कनिष्ठ दर्जाची शिक्षणव्यवस्था निर्माण केली होती. कृष्णवर्णीय मुलाला श्रमिकापलीकडचे भवितव्यच नाही, हे त्या धोरणाचे गृहीतक होते. १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध सोवेटो येथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला.

एप्रिल १९८० मध्ये केप प्रांतातील 'कलर्ड' म्हणून वर्गीकृत केलेल्या मिश्रवंशीय मुलांच्या शाळांतून बहिष्काराची नवी लाट सुरू झाली आणि ती अन्यत्र पसरली. पाठ्यपुस्तकांचा तुटवडा, शाळांच्या नादुरुस्त इमारती, शिक्षकांवरील कारवाया आणि गोऱ्या व बिगरगोऱ्या विद्यार्थ्यांवरील खर्चातील प्रचंड तफावत या तक्रारींपासून विद्यार्थी लवकरच मूळ मुद्द्यावर, म्हणजे वंशाधारित शिक्षणव्यवस्थेच्या अंतावर आले. या आंदोलनात पिंक फ्लॉइडचे गीत मुलांच्या ओठांवर आले. मे १९८० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

हे विद्यार्थी शिक्षणाला कंटाळले होते काय? उपलब्ध वस्तुस्थिती याच्या विरुद्ध आहे. बहिष्काराच्या काळात अनेक शाळांत विद्यार्थी एकत्र जमत व नेहमीच्या तासांऐवजी समाज, इतिहास आणि राजकारण यांवर चर्चावर्ग चालवीत. शाळांच्या प्रतिनिधींची 'कमिटी ऑफ ८१' ही समिती या कार्याचा समन्वय साधत होती. शिक्षणाची दारे सर्वांना खुली असावीत ही मागणी १९५५ च्या स्वातंत्र्य सनदेतच केलेली होती; तिचाच हा पुढचा टप्पा होता. विचारांवरील नियंत्रण हा शब्दप्रयोग लंडनच्या श्रोत्याला काव्यात्म अतिशयोक्ती वाटू शकेल. केपटाउनच्या विद्यार्थ्याला तो आपल्या अभ्यासक्रमाचे नेमके वर्णन वाटला. तेथे शिक्षणव्यवस्थेचा घोषित हेतूच मुलांची वीट करण्याचा होता. ती व्यवस्था नाकारल्याशिवाय शिक्षण मागणे त्यांना शक्य नव्हते.

येथे गीतकाराचा हेतू मागे पडतो. वॉटर्स यांनी केंब्रिजच्या एका शाळेतील वैयक्तिक जखम गीतबद्ध केली होती. दक्षिण आफ्रिकेतील मुलांनी तिला सामूहिक राजकीय अर्थ दिला. तरीही हा अर्थ गीतावर बाहेरून लादलेला नाही. शिक्षण आणि नियंत्रण यांची जी सांगड शब्दांत होती, तीच त्यांनी शब्दशः घेतली. गीतातील सुप्त अर्थ ओळखण्यासाठी लागणारी परिस्थिती त्यांच्यापाशी होती, इतकेच.

७. उत्तरकालीन रूपांतरे

यानंतर 'भिंत' हे रूपक शाळेच्या बाहेर पडले. वॉटर्स यांनी १९८५ मध्ये वाद्यवृंद सोडला. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये कोसळल्यावर २१ जुलै १९९० रोजी त्यांनी तेथील पोट्सडामर प्लाट्स येथे 'द वॉल'चा भव्य प्रयोग सादर केला. हे गीत त्यावेळी सिंडी लॉपर यांनी गायले. जून २००६ मध्ये वॉटर्स यांनी वेस्ट बँकमधील इस्रायली विभाजक भिंतीवर या गीतातील शब्द रंगविले. २०१० ते २०१३ या काळातील जागतिक दौऱ्यात ठिकठिकाणची स्थानिक मुले रंगमंचावर येत. २०१० मध्येच टोरांटोस्थित इराणी निर्वासित बंधूंनी शब्दांत फेरफार करून हे गीत इराणमधील धर्मसत्तेविरुद्ध वापरले. वॉटर्स यांचे कार्यक्रम भारतातही, २००२ मध्ये बंगळूर व २००७ मध्ये मुंबई येथे झाले. या सर्व रूपांतरांत शिक्षक हळूहळू दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी सीमा, सैन्य किंवा शासन येते. गीताची व्याप्ती वाढली. पण वर्गातील मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) संपूर्ण कृतीच्या चौकटीत हे गीत नायकाच्या एकाकीपणाचा एक टप्पा आहे. ते सुटे ऐकले गेल्यामुळे त्याला जाहीरनाम्याचे स्वरूप आले.

२) दुहेरी नकारावर आधारलेले दोन्ही लोकप्रिय युक्तिवाद टिकत नाहीत. तो नकार बोलीचा आहे आणि त्यातून वर्गीय अंतर व्यक्त होते.

३) चित्रपटातील प्रसंग मुलाच्या कल्पनेत घडतो. त्याचा शेवट विचारात न घेता त्यावर हिंसेच्या समर्थनाचा आरोप करणे किंवा त्याचे विद्रोह म्हणून गुणगान करणे, दोन्ही एकांगी आहे. शिक्षकाच्या क्रौर्याची त्यात दिलेली मीमांसा मात्र स्त्रीद्वेषाकडे झुकणारी व अपुरी आहे.

४) इस्लिंग्टनमधील निर्मितिप्रक्रिया आणि दक्षिण आफ्रिकेतील स्वीकार या दोन्ही घटना एकाच दिशेने निर्देश करतात. या गीताचा विरोध शिक्षणाला नसून माणसाला साच्यात घालणाऱ्या व्यवहाराला आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो आपला. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने प्राथमिक शिक्षणात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. छडी कायद्याने थांबविता येते. परंतु वर्गासमोर विद्यार्थ्याची कविता वाचून तिची टर उडविणारा स्वर कायद्याच्या कक्षेत सहजी सापडत नाही, आणि महाविद्यालयीन वर्गांत तर तो विनोदबुद्धी म्हणूनही खपून जातो. चित्रपटातील मुलगा हात चोळीत बसलेला दिसतो. त्याच्या मनात जळणारी शाळा शिक्षकाला दिसत नाही. विद्यार्थी जेव्हा शिक्षणाला नकार देतो तेव्हा त्या नकारात कोणत्या शिक्षणाची मागणी दडलेली आहे, हे ऐकण्याची जबाबदारी अध्यापकाची आहे. १९७९ मध्ये इस्लिंग्टनच्या एका संगीतशिक्षकाने ती ओळखली होती; १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ती बंदीच्या हुकमाने टाळली. पुढे काय झाले हे इतिहासाने नोंदविले आहे.